पंच म्हणून सही करताना

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता 'नवे फौजदारी कायदे'. मी म्हणाले, एका तासात तीन कायदे सांगायचे तर कलमांची जंत्री होईल आणि समोर बसलेले निम्मे झोपतील. त्यापेक्षा, गेली कित्येक वर्षं लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी तुम्ही मला जे प्रश्न विचारता त्यांच्याबद्दल बोलते. 'वकीलबाई, पोलीस पंच म्हणून बोलावतायत, जाऊ का?' 'फुटेज मागतायत, देऊ का?' 'सही मागतील, करू का?' हे तीन प्रश्न मला जितक्या वेळा विचारले गेले असतील तितक्या वेळा घरी 'जेवायला काय आहे' हेसुद्धा विचारलं गेलेलं नाही.

नव्या कायद्यांचं थोडक्यात सांगून टाकते. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच दंड कायदा लागू राहतो, त्यामुळे आम्हा वकिलांना पुढची कित्येक वर्षं दोन्ही पुस्तकं बगलेत मारून हिंडायचं आहे. खुनाचं ३०२ आता १०३ झालं. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पण एखाद्याला 'तो अगदी तीनशे अठरा आहे हो' असं कुणी म्हणेल असं मला वाटत नाही. भाषेतला चारसौबीस कायद्यापेक्षा जास्त टिकेल.

बराचसा मजकूर जुनाच आहे, क्रमांक बदलले आहेत. काही गोष्टी खरोखर चांगल्या झाल्या, काही मला पटलेल्या नाहीत. उदाहरणार्थ, पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मागावे लागत. आता गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत ते तुकड्या-तुकड्यानं मागता येतात. जामिनाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर ही टांगती तलवार राहते, असं माझं मत आहे. सरकारी बाजूनं काही वर्षं काम केलेली असूनही हे म्हणते. असो.

आता पंच.

'पंचनामा' हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे की वर्तमानपत्रात 'पोलिसांनी घटनास्थळाचा पंचनामा केला' असं आपण वाचतो आणि पुढच्या बातमीकडे जातो. पंचनामा म्हणजे, पोलिसांनी एखादी जागा पाहिली, झडती घेतली, वस्तू जप्त केली, तेव्हा पोलिसांशी संबंध नसलेल्या दोन माणसांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याची नोंद त्यांच्या सहीनं झाली. कायद्याला पोलिसांवर विश्वास नाही असं नाही. पण ज्याच्या हातात दंडुका आहे त्यानं 'मी म्हणतो म्हणून' असं म्हणू नये, एवढी काळजी कायद्यानं घेतली आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये शब्द आहेत ते असे: त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. जुन्या कायद्यातही, म्हणजे कलम १०० मध्ये, हेच होतं. आता 'प्रतिष्ठित रहिवासी' म्हणजे कोण? मंडळी, तुम्ही. या सभागृहात बसलेले.

पण त्याच कलमात पुढं एक पळवाट आहे. त्या वस्तीतला कुणी मिळाला नाही किंवा यायला तयार झाला नाही, तर दुसऱ्या वस्तीतला चालतो. ही पळवाट पोलिसांसाठी ठेवली होती, पण ती वापरतो आपण. पोलीस खाली गेटवर उभे आहेत म्हटलं की वरच्या मजल्यांवरचे दिवे मालवले जातात. 'साहेब घरी नाहीत', 'मला बीपी आहे', 'आमचं लग्नकार्य आहे'. हवालदार बिचारा अर्धा तास बेल वाजवत फिरतो आणि शेवटी चौकीसमोरच्या टपरीवाल्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन येतो. त्या टपरीवाल्याला रोज पोलिसांच्या आसपासच धंदा करायचा असतो. तो नाही कसं म्हणणार? आणि एकदा तो 'हाताशी' आला की पुढच्या वेळी दार वाजवायची तसदीही कुणी घेत नाही.

कोर्टात अशा माणसाला आम्ही 'नेहमीचे पंच' म्हणतो. बचावाच्या वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याआधी तुम्ही किती पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत? मी असे पंच पाहिलेत ज्यांना स्वतःलाच आकडा सांगता येत नव्हता. मग न्यायाधीश पेन खाली ठेवतात आणि चष्म्यावरून सरकारी वकिलाकडे बघतात. त्या बघण्याचा अर्थ सरकारी वकिलाला बरोबर कळतो.

एक प्रकरण सांगते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत, पण कणा खरा आहे. बारा-तेरा वर्षं झाली असतील. आपल्यासारखीच एक सोसायटी, आपल्या भागातली नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून मंगळसूत्र आणि दोन पाटल्या गेल्या. घरातली मंडळी दोन दिवस गावाला गेली होती, किल्ली शेजारी होती आणि धुण्याभांड्याची बाई झाडांना पाणी घालायला येत होती. संशय कुणावर जाणार? सोसायटीत संध्याकाळपर्यंत ठरलंसुद्धा. बाईला पोलिसांनी नेलं, तीन दिवस कोठडी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की तिनं कबूल केलं. एका सराफाचं दुकान दाखवलं आणि तिथून सोन्याची लगड जप्त झाली.

तिच्यातर्फे मी उभी राहिले. नवरा रंगकाम करायचा. फीचं बोलणं त्यानं हप्त्यांत केलं आणि दर महिन्याला हप्ता आणून दिला. मला आजही त्या नोटांवरचा रंग आठवतो.

आता यातल्या एकेका गोष्टीकडं बघू. 'कबूल केलं' ही पहिली. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ पासून आहे आणि नव्या साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये तसंच आहे. बंद खोलीत माणूस काय कबूल करतो आणि का करतो हे इंग्रजांनाही माहीत होतं. कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढं आणि तीही 'तुझ्यावर बंधन नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल' असं समजावून सांगितल्यानंतर. त्यामुळं टीव्हीवर 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' अशी पट्टी फिरते तेव्हा, मंडळी, कोर्टाच्या हिशेबात अजून काहीच झालेलं नसतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या हिशेबात मात्र निकाल लागलेला असतो.

याला एक अपवाद आहे आणि सगळी गंमत त्या अपवादात आहे. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीमुळं एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग पुरावा होतो. 'तेवढाच' हा शब्द महत्त्वाचा. प्रिव्ही कौन्सिलनं १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात हे एकदाचं स्पष्ट केलं. 'मी छपरात चाकू लपवला आहे, त्यानं मी अमक्याला भोसकलं' असं आरोपी म्हणाला आणि चाकू मिळाला, तर छपरात चाकू आहे हे त्याला माहीत होतं इतकंच सिद्ध होतं. 'त्यानं भोसकलं' हे शब्द गाळायचे. जुन्या कायद्याचं कलम २७ ते हेच. देशातल्या निम्म्या खटल्यांचा जीव त्यात असतो असं म्हटलं तर आमच्यातला कुणी वकील वाद घालणार नाही.

पण मग आरोपी खरंच असं म्हणाला का, तो स्वतः चालत पुढं गेला का, वस्तू त्यानं काढून दिली की आधीच टेबलावर होती, हे सांगणार कोण? पंच. त्या क्षणाला पोलीस आणि आरोपी यांच्यामध्ये उभा असलेला एकमेव तिऱ्हाईत माणूस म्हणजे पंच.

आमच्या प्रकरणात दोन पंच होते. एक चौकीशेजारचा चहावाला, दुसरा त्याचाच मेव्हणा. उलटतपासणीत मी विचारलं, सराफाच्या दुकानाला पायऱ्या किती? चहावाला गप्प. दुकान तळमजल्यावर की पोटमाळ्यावर? गप्प. मग म्हणाला, 'बाई, मी चौकीत सही केली. साहेब म्हणाले, कर.' मला त्याचा राग आला नाही. त्या सोसायटीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं होती आणि त्यातला एकही माणूस त्या दिवशी खाली उतरला नव्हता.

सोन्याची लगड तर तोंडानं काही सांगत नाही. वितळलेल्या सोन्याला पाटलीची ओळख राहत नाही. वजन जुळत नव्हतं. सराफाकडं पावती नव्हती. आणि गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण? ते मागायला कुणी गेलं तेव्हा सतरावा दिवस होता आणि त्या यंत्रात पंधरा दिवसांचंच साठायचं. तिनं त्या दोन दिवसांत किती वेळा ये-जा केली, हातात काय होतं, तिच्याखेरीज कोण वर गेलं, याचं उत्तर ज्या एका वस्तूत होतं ती आपोआप पुसली गेली होती. कुणी मुद्दाम पुसली नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाई निर्दोष सुटली. सहा वर्षांनी. त्यातले तीन दिवस पोलीस कोठडीत आणि नंतर जामीनदार मिळेना म्हणून एकवीस दिवस तुरुंगात गेले. शेजारपाजारच्या कुठल्याही सोसायटीनं तिला पुन्हा काम दिलं नाही. आणि ज्यांचे दागिने गेले त्या ताई? त्यांनाही अकरा वेळा कोर्टात यावं लागलं, आणि मंगळसूत्र कुणी नेलं हे त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही. निकालाच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, 'तुम्ही तिला सोडवलंत, पण मला काय मिळालं?' प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, कारण ते त्या सतरा दिवसांत हरवलं होतं.

संशयाबद्दल एक गोष्ट इथंच सांगते. पुण्यातला एक खटला आहे, शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा मृत्यू झाला, नवऱ्यावर खुनाचा आरोप आला, सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नाही, फक्त परिस्थितीचा पुरावा आहे, तेव्हा तो कसा जोखायचा याचे पाच नियम त्या निकालात आहेत. न्यायालयानं त्यांना चक्क 'पंचशील' म्हटलं आहे. मुख्य मुद्दा असा की साखळीची प्रत्येक कडी आधी स्वतंत्रपणे सिद्ध झाली पाहिजे, आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीखेरीज दुसऱ्या कुणाकडं बोट जायला वाव राहता कामा नये. 'त्यानं केलं असेल' आणि 'त्यानंच केलं असलं पाहिजे' यात मोठं अंतर आहे, असं त्याआधी १९७३ मध्ये शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायालय म्हणालं होतं. तोही महाराष्ट्रातलाच खटला. आपली सोसायटी 'असेल' वर थांबते. वॉचमन नवा आहे, म्हणजे त्यानंच. कुरिअरवाला दोनदा आला होता, म्हणजे त्यानंच.

बरं, मग पंच म्हणून बोलावलं तर करायचं काय?

जायचं. पहिलं उत्तर हेच. झडतीला हजर राहण्याचा लेखी आदेश हातात दिल्यावरही सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो स्वतःच गुन्हा आहे. पण मी त्या भीतीनं जा म्हणत नाही. गेल्यावर डोळे उघडे ठेवा. आपण तिथं शोभेला नाही, बघायला आलोय. झडती सुरू होण्याआधी पोलिसांची स्वतःची झडती घ्यायची पद्धत आहे, ती झाली का बघा. वस्तू कुठून निघाली ते बघा. कपाटाचा कुठला खण, उजवा की डावा. वेळ स्वतःच्या घड्याळात बघा. वस्तू पाकिटात घातली, लाखेचं सील लावलं, की त्यावरच्या कागदी लेबलवर आपली सही करा आणि ती सील लावण्याच्या आतच करा. पाच वर्षांनी कोर्टात ते पाकीट समोर येईल तेव्हा वस्तू तुम्हाला आठवणार नाही, पण स्वतःची सही तुम्ही ओळखाल. खटल्याला तेवढं पुरतं.

कोऱ्या कागदावर सही नाही. अर्धा भरलेल्या छापील नमुन्यावरही नाही. पंचनामा पूर्ण वाचा. तुम्ही न पाहिलेली ओळ त्यात असेल तर शांतपणे सांगा, 'साहेब, हे मी पाहिलेलं नाही, हे काढा.' बहुतेक वेळा काढतात. मी अनुभवानं सांगते, नीट वाचणारा पंच समोर असला की तपासी अंमलदारसुद्धा नीट लिहितो, कारण असा पंच कोर्टात टिकेल हे त्याला कळतं. प्रामाणिक अंमलदाराला तर तुम्ही हवेच असता. ज्याच्या घराची झडती होते त्याला यादीची प्रत मिळायला हवी. बाईची अंगझडती बाईच घेईल, सभ्यतेची मर्यादा पाळून.

नव्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट इथं येते. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं, यादी करण्याचं आणि पंचांनी सही करण्याचंसुद्धा दृक्-श्राव्य चित्रण करायचं आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडं पाठवायचं आहे. मोबाईलवर केलं तरी चालतं. म्हणजे 'चौकीत बसून सही' हा प्रकार अवघड व्हायला हवा. मी 'व्हायला हवा' म्हणते. कॅमेरा कधी सुरू केला आणि कधी बंद, हा आता उलटतपासणीचा नवा विषय झाला आहे.

कोर्टाची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारत नाही. समन्स येतं, दिवस मोडतो, कॉरिडॉरमध्ये बसायला बाक नसतो, भत्ता मिळतो तो पाहून हसू येतं, आणि संध्याकाळी कळतं की पुढची तारीख. पण एक समज काढून टाका. सगळं पाठ करून यायची गरज नाही. न्यायालयाच्या परवानगीनं तुम्ही सही केलेला पंचनामा बघून स्मरण ताजं करता येतं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. वकील खोचक विचारतील. तो त्यांचा धंदा आहे, माझाही होता. जो पाहिलं तेवढंच सांगतो त्याला कुठलाही वकील फार वेळ उभा ठेवू शकत नाही.

आता आपल्या कॅमेऱ्यांकडं येऊ. पंचविसाव्या वर्षी समितीनं नवीन कॅमेरे बसवले, अभिनंदन. पण कॅमेरा असणं आणि पुरावा असणं यात फरक आहे.

वाराणसीच्या एका हॉटेलात फेब्रुवारी २०१० मध्ये एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला. त्याच खोलीत राहिलेल्या त्याच्या दोन इटालियन मित्रांवर खुनाचा आरोप आला, जन्मठेप झाली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. हॉटेलात कॅमेरे होते. चित्रण आम्ही पाहिलं, खोलीत दुसरं कुणी गेलं नाही, असं साक्षीदार म्हणत होते. पण ते चित्रण कोर्टापुढं आलंच नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१५ मध्ये टोमासो ब्रुनो खटल्यात म्हटलं की, सर्वांत चांगला पुरावा हातात असून दिला नाही, याचा अर्थ सरकार पक्षाच्या विरोधात घ्यावा लागेल. दोघं सुटले, पण सुमारे पाच वर्षांनी. त्या निकालातला एक तांत्रिक भाग पुढं सर्वोच्च न्यायालयानंच चुकीचा ठरवला, पण चित्रण न आणल्याचा परिणाम काय होतो हे समजायला तो खटला पुरेसा आहे.

पुढचा खटला आपल्या जालन्याचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, एवढाच वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण उपलब्ध होतं. पण त्या चित्रणाच्या प्रतीसोबत लागणारं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही संबंधित कार्यालयानं दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला: प्रमाणपत्र आवश्यकच आहे, तोंडी साक्षीनं त्याची जागा भरत नाही. मात्र ज्यानं हातात होतं ते सगळं केलं आणि तरी त्याला ते मिळालं नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागणार नाही. जालन्यात घड्याळात तीन वाजले होते का, या भांडणातून सगळ्या देशाला लागू होणारा नियम आला.

हे प्रमाणपत्र आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं असतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, म्हणजे आपल्याकडं सेक्रेटरी किंवा व्यवस्थापक, आणि भाग 'ब' तज्ज्ञानं. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. चित्रणात एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. आकडेमोड संगणक करतो, आपण घाबरायचं कारण नाही.

समितीला माझी विनंती एवढीच. काहीही घडलं, अगदी सायकल चोरीला गेली तरी, त्याच दिवशी चित्रण वेगळं काढून ठेवा. पोलीस कधी मागतील याची वाट बघू नका. कुणी काढलं, कधी, कशावर, याची वहीत नोंद करा. यंत्राचं घड्याळ बरोबर आहे का ते महिन्यातून एकदा बघा. आपल्या बी विंगच्या यंत्राचं घड्याळ परवा मी पाहिलं तेव्हा चाळीस मिनिटं मागे होतं. खुनाच्या खटल्यात चाळीस मिनिटं म्हणजे एक माणूस ठाण्याहून दादरला पोचतो. पोलिसांना प्रत देताना पोच घ्या. आणि कृपा करून चित्रण ग्रुपवर टाकू नका. 'बघा हा चोर' म्हणून ज्याचा चेहरा फिरतो, तो कधीकधी फक्त चुकीच्या मजल्यावर उतरलेला पाहुणा असतो.

पोलीस ठाण्याबद्दल भरभर सांगते, कारण वेळ होत आला. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर कुठल्याही स्त्रीला, साठ वर्षांवरच्या पुरुषाला, पंधराखालच्या मुलाला, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्तीला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांनी घरी यायचं. पूर्वी ही वयोमर्यादा पासष्ट होती. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदारानं सही करायची नसते, कायदाच तसं म्हणतो. पंचनाम्यावर सही करायची, जबाबावर नाही, हा घोळ सगळ्यांचा होतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर ती नोंदवावीच लागते, हे २०१३ च्या ललिता कुमारी निकालानं पक्कं केलं. हद्द कुणाची हा आता बहाणा राहिला नाही, कुठल्याही ठाण्यात नोंद होऊ शकते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत मात्र वरिष्ठांच्या परवानगीनं आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे.

आणि ज्येष्ठांसाठी एक गोष्ट सावकाश सांगते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. अटक कशी करायची ते कलम ४३ मध्ये लिहिलं आहे. अंगाला प्रत्यक्ष स्पर्श करून किंवा शरीर अडवून, किंवा माणसानं शब्दानं वा कृतीनं स्वतःला स्वाधीन केलं तर. फोनच्या पडद्यावरून कुणाला हात लावता येत नाही. समोर गणवेश असो, मागं अशोकस्तंभ असो, 'कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही' म्हणणारा माणूस पोलीस नाही. हजर राहण्याची जी नोटीस कलम ३५ खाली येते तीही व्हॉट्सॲपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. फोन ठेवा, १९३० वर तक्रार करा, आणि मग शेजाऱ्याची बेल वाजवा. क्रम उलटा झाला तरी चालेल. मात्र पैसे पाठवल्यानंतर बेल वाजवू नका. गेल्या वर्षभरात माझ्याकडं अशी तीन माणसं आली, तिघंही माझ्यापेक्षा जास्त शिकलेली.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय: 'मुलगा अमेरिकेत आहे, घटनेच्या वेळी तो इथं होता, साक्षीसाठी त्याला यावंच लागेल का?' नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात, न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरांची साक्ष मुंबईच्या कोर्टात व्हिडिओ कॉन्फरन्सनं घ्यायला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. बावीसेक वर्षं झाली त्याला. अर्ज करावा लागतो, वेळेचा मेळ घालावा लागतो, पण होतं.

दुसरी चिठ्ठी: 'पंच झालो तर गुंड मागं लागतील, आमचं संरक्षण कोण करणार?' हा प्रश्न मी टाळणार नाही. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मंजूर करून सगळ्या राज्यांना लागू केली. धमकी आली तर जिल्हा पातळीवरच्या सक्षम समितीकडं अर्ज करता येतो, गंभीर प्रकरणात ओळख झाकणं, घराजवळ गस्त असे उपाय आहेत. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात किती लवकर मिळतं, ते तुम्ही किती ठामपणे मागता यावर अवलंबून असतं. पण सोसायटीतल्या चोरीच्या पंचनाम्याला गुंड मागं लागत नाहीत हो. तिथं मागं लागते ती तारीख.

म्हणून मी समितीला एक सुचवलं आहे. पोलिसांनी पंच मागितले तर कुणाची दारं वाजवायची याची यादी ऑफिसात असावी. प्रत्येक विंगमधली चार नावं, दर वर्षी बदलणारी, म्हणजे आपल्यातच 'नेहमीचे पंच' तयार व्हायचे नाहीत. सेक्रेटरींनी वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन बांधलंय. पुलाव गरम आहे असा निरोप आलाय, तेव्हा जाता जाता बघा. उरलेले प्रश्न जेवताना विचारा, फी नाही.